डिचोली, पेडणे आणि थांबलेला हंगाम

2025च्या दिवाळी पाडव्याला, 22 ऑक्टोबरच्या संध्याकाळी, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर सौदी अरेबियाचा अल नासर संघ उतरला. क्रिस्तियानो रोनाल्डो आलाच नाही, म्हणून अनेकांचा हिरमोड झाला. पण ज्यांना फुटबॉल पाहायचा होता त्यांना तो भरपूर पाहायला मिळाला. एफसी गोवा 1-2 असा हरला. गोव्याचा तो एकमेव गोल ब्रायसन फर्नांडिसने केला, गोव्याच्याच मुलाने. आशियातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाविरुद्ध!

त्याच गवतावर आठ दिवस आधी भारताचा राष्ट्रीय संघ सिंगापूरकडून हरला होता, तोही 1-2 असाच. लालियानझुआला छांगटेने आघाडी मिळवून दिली, मग सोंग उइ-यंगने मध्यंतराच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन गोल केले. 2027च्या आशिया चषकाचा भारताचा रस्ता तिथेच संपला. मार्चमध्ये बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी, जूनमध्ये हाँगकाँगकडून हार, आणि शेवटी फातोर्डा. निवृत्त झालेल्या सुनील छेत्रीला परत बोलावूनही आणि मानोलो मार्केझच्या जागी खालिद जमीलला आणूनही काही फरक पडला नाही.

या दोन सामन्यांच्या मध्ये नरकासुराची रात्र येऊन गेली. पेडण्यापासून काणकोणपर्यंत पोरे पहाटेपर्यंत रस्त्यावर होती. आणि देशाची मुख्य लीग? इंडियन सुपर लीग (आयएसएल) एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते. त्या दिवाळीत ती सुरू झालेली नव्हती आणि कधी होणार हे कोणी सांगत नव्हते. राष्ट्रीय संघ हरलेला, क्लब आशियात झुंजणारा आणि लीग गायब: भारतीय फुटबॉलचे सगळे चित्र गोव्याने आठ दिवसांत, एकाच मैदानावर पाहिले.

मला मात्र हा हंगाम फातोर्ड्याहून लांब असलेल्या दोन तालुक्यांतून पाहायचा आहे. पेडण्याहून मडगावचे फातोर्डा साठ-पासष्ट किलोमीटर. डिचोलीहून थोडे कमी, पण वाट आडवळणाची. रात्रीचा सामना नऊनंतर संपतो. तेव्हा पेडण्याच्या किंवा डिचोलीतल्या साखळीच्या मुलाला घरी न्यायला बस नसते. स्वतःची दुचाकी असेल, किंवा कोणाच्या तरी गाडीत जागा मिळाली, तरच तो सामना पाहतो. बाकीचे मोबाइलवर. गोव्याचा राज्यखेळ म्हणून मिरवणारा फुटबॉल या दोन तालुक्यांपासून किती अंतरावर आहे, हे नकाशावरच दिसते. गोवा फुटबॉल असोसिएशनच्या सामन्यांची नेहमीची मैदाने आठवून पाहा: फातोर्डा, वास्कोचे टिळक मैदान, म्हापशाचे धुळेर, नागोवा, बाणावली, उतोर्डा, राय. सगळी बार्देश, सासष्टी आणि मुरगावात.

हे असे का झाले याची कारणे जुनी आहेत. गोव्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगणारे सगळे 1883 या सालापासून सुरुवात करतात. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे धर्मगुरू हवापालटासाठी गोव्यात आले, शिवोलीत त्यांनी मुलांना हा खेळ शिकवला, पुढे हडफड्यात शाळा काढली. शिवोली शापोरा नदीच्या दक्षिण काठावर आहे. उत्तर काठावर चोपडे, म्हणजे पेडणे तालुका. त्याच नदीवर थोडे वर कोलवाळ. 1962च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातला हाफबॅक फोर्तुनातो फ्रांको हा मूळचा कोलवाळचा. कोलवाळच्या पुलापलीकडेही पेडणेच. म्हणजे गोव्याच्या फुटबॉलच्या जन्मगावाहून आणि त्याच्या सर्वांत मोठ्या पदकवीराच्या गावाहून पेडणे फक्त एका नदीच्या रुंदीएवढे लांब होते.

ती नदी रुंद निघाली. बार्देश, तिसवाडी, सासष्टी या पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादीत चर्च, चर्चची शाळा आणि गावकरीची जमीन होती. फेस्ताला सामना, भात कापून झाले की कोरड्या शेतात सामना, आणि गावागावांत पिढीजात चुरस. पेडणे, डिचोली, सत्तरी हे प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे आले. तिथे गावाचे केंद्र देवस्थान. हरमलसारख्या गावांत चर्चही होते आणि चेंडूही, पण तालुक्याचा कल वेगळा होता. जत्रा, दशावतार, नाटक, भजन, शिगमा यांत ही गावे रमली. पुढे मराठी शाळांच्या पटांगणांवर कबड्डी, व्हॉलीबॉल आणि क्रिकेट आले. इथल्या मुलांना फुटबॉल आवडत नाही, असे मी कधीच मानले नाही. फुटबॉलला लागणारी व्यवस्था इथे कोणी उभी केली नाही, एवढेच.

आणि तरीही गोव्याच्या फुटबॉलला वर आणणारा पैसा आणि माणूस, दोन्ही याच बाजूचे होते.

आधी माणूस. दयानंद बांदोडकर, आपले भाऊसाहेब, यांचा जन्म 1911चा, पेडण्यातला. खाणमालक, मगो पक्षाचे नेते, 1963 पासून गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. त्यांनी गावोगावी मराठी शाळा काढल्या हे महाराष्ट्रालाही ठाऊक आहे. 1970 मध्ये त्यांच्या पुढाकाराने गोव्यात सुवर्णचषकाची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली आणि परदेशी क्लब इथे येऊन खेळले, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. 1973 मध्ये ते गेले, स्पर्धेला त्यांचे नाव लागले आणि काही वर्षांत ती बंद पडली. 2024 मध्ये ती पुन्हा भरवली तेव्हा अर्जेंटिनाचा देफेन्सा इ हुस्तिसिया हा क्लब आला होता. पेडण्याच्या सुपुत्राच्या नावाची स्पर्धा पन्नास वर्षांनी उठून उभी राहिली, याचे मला मनापासून अप्रूप वाटले. भाऊसाहेबांना शाळा आणि मैदान ही एकाच कामाची दोन अंगे वाटत असावीत.

आता पैसा. तो जमिनीतून आला, लोहखनिजातून, आणि त्यातला मोठा वाटा डिचोलीच्या जमिनीतून. अडवलपाल, मुळगाव, शिरगाव, लामगाव, सुर्ला, पाळी: ही नावे खाणींची म्हणूनच बाहेरच्यांना कळली. खनिज ट्रकांतून नदीच्या काठी, बार्जमधून मुरगाव बंदरात आणि बोटींतून जपानला जाई. त्या धंद्यावर जी घराणी मोठी झाली त्यांनी वर्तमानपत्रे काढली आणि फुटबॉलचे क्लबही पोसले. चौगुल्यांचा ‘गोमन्तक’ 1962चा, ‘नवप्रभा’ धेंपोंची. साळगावकरांचा क्लब 1956 पासूनचा. आणि धेंपो स्पोर्ट्स क्लब? ज्या क्लबातून तो उभा राहिला त्याचे नाव होते क्लुब देस्पोर्तिवु द बिशोलीं, म्हणजे चक्क डिचोलीचा क्रीडा क्लब. साठच्या दशकात तो धेंपोंकडे आला, काही काळ धेंपो-सौझा या नावाने खेळला आणि मग नुसता धेंपो झाला. डिचोलीचे नाव गळाले.

त्या गळालेल्या नावाचा क्लब पुढे काय झाला ते पाहा. 2004-05 आणि 2006-07 मध्ये राष्ट्रीय लीग. मग आय-लीग सुरू झाली तेव्हा तिचे पहिलेच विजेतेपद 2007-08 मध्ये, नंतर 2009-10 आणि 2011-12. आठ वर्षांत देशाची पाच विजेतेपदे. 2008 मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरी. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो गोव्याचे. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा हे संघाचे खांब, आणि पुढे गोलांचा पाऊस पाडणारा नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. कुलासो 2011 मध्ये राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक झाले आणि जानेवारी 2025 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. उशिरा मिळाला, पण मिळाला. याच यशाच्या काठावर एक दुःखही आहे. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानविरुद्ध दोन गोल करून धेंपोचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मैदानातच कोसळला आणि गेला. चषक धेंपोने जिंकला होता.

धेंपो एकटा नव्हता. साळगावकरांनी 1998-99 मध्ये राष्ट्रीय लीग आणि 2010-11 मध्ये आय-लीग जिंकली, चर्चिल ब्रदर्सनी 2008-09 आणि 2012-13 मध्ये. 2007 ते 2013 या सहा हंगामांतली सहाही विजेतेपदे गोव्यात आली. पंधरा-सोळा लाख वस्तीचे राज्य, आणि कोलकात्याला सहा वर्षे लीगचा चषक दिसला नाही! संतोष चषकातही गोवा पाच वेळा जिंकला. 1983 मध्ये बंगालसोबत विभागून आणि 1984 मध्ये निर्विवाद, हे दोन्ही विजय गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या नेतृत्वाखाली. भारताचे कर्णधारपद भूषवलेल्या या ताळगावच्या माणसाला 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

मग दोन घाव बसले. सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणींवरच्या शाह आयोगाच्या अहवालानंतर गोव्यात खाणी थांबल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. पुन्हा सुरू झाल्या त्या मर्यादेसह, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केल्यावर परत बंद. डिचोलीत ट्रक दारात उभे राहिले, बँकांचे हप्ते थकले, गॅरेज आणि चहाची दुकाने बसली. खाणींनी शेते आणि झरे बुजवले होते हेही तितकेच खरे. ते नुकसान सोसणारी माणसेही याच गावांतली. धेंपोंनी आपला खाण व्यवसाय 2009 मध्येच सेझा कंपनीला 1,750 कोटींना विकला होता, त्यामुळे त्यांच्या फुटबॉलची घसरण थेट खाणबंदीच्या माथी मारता येणार नाही. 2012 मध्ये चषक उचलणारा हा संघ तीनच वर्षांत आय-लीगमधून खाली घसरला, दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन परत वर आला, आणि तेवढ्यात दुसरा घाव बसला.

तो दिल्लीतून आला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये आपले व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी 700 कोटींना एका कंपनीकडे दिले होते. त्यातून 2014 मध्ये आयएसएल निघाली आणि 2016 मध्ये तिलाच देशाची पहिली लीग करण्याचा आराखडा पुढे आला. त्याच्या निषेधार्थ साळगावकर, स्पोर्टिंग क्लुब द गोवा आणि धेंपो या तिघांनी आय-लीग सोडली. मैदानावर कमावलेली जागा कोणी फी भरून घेऊ शकतो, हे त्यांना मान्य नव्हते. मला त्यांचे म्हणणे तेव्हाही पटले होते आणि आजही पटते. पण त्याची किंमत त्या वर्षी अठरा-वीस वर्षांच्या असलेल्या गोव्याच्या मुलांनी मोजली. पाच दारांपैकी तीन बंद झाली. उरले एफसी गोवा आणि चर्चिल.

एफसी गोवाला मी परका मानत नाही. 2020 मध्ये लीग टप्प्यात पहिला येऊन त्याने पहिली विजेत्याची ढाल घेतली आणि 2021 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. 3 मे 2025 रोजी भुवनेश्वरला जमशेदपूरला 3-0 हरवून त्याने सुपर चषक जिंकला. पण ती तारीख डिचोली तालुक्याच्या मनात वेगळ्या कारणाने कोरली गेली आहे. त्याच दिवशी पहाटे शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले. त्या संध्याकाळी चषकाचा आनंद करायचे मन इथे कोणाला असणार?

पुढच्या दोन महिन्यांत देशाच्या फुटबॉलचा पायाच निखळला. 2010चा तो करार 8 डिसेंबर 2025 रोजी संपत होता आणि नव्याची बोलणी अडली होती. 11 जुलैला आयोजकांनी आयएसएल स्थगित केली. क्लबांनी सराव थांबवले, पगार अडकले, खेळाडूंना समाजमाध्यमांवर ‘आम्हाला खेळू द्या’ म्हणून विनवणी करावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात महासंघाची घटना मंजूर केली, निविदा निघाली, आणि नोव्हेंबरात कळले की एकही बोली आलेली नाही. अखेर जानेवारीत केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी लीग होणार असे जाहीर केले, आणि 14 फेब्रुवारी 2026 रोजी चौदा क्लबांची, प्रत्येकाशी एकदाच खेळायची, 91 सामन्यांची लीग सुरू झाली. पाच महिने उशिरा. एका कागदाची मुदत संपली म्हणून दीडशे कोटींच्या देशाची पहिली लीग थांबते, ही गोष्ट मला लाजिरवाणी वाटते.

त्याच काळात दोन घटना घडल्या आणि त्यांच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. पहिली मुलींची. 5 जुलै 2025 रोजी थायलंडच्या चियांग माईमध्ये भारताच्या महिलांनी यजमानांना 2-1 हरवून 2026च्या आशिया चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून तिथे पोचण्याची ही पहिलीच वेळ. पुरुषांच्या संघावर होतो त्याच्या तुलनेत यांच्यावरचा खर्च आणि चर्चा किती तोकडी असते, ते सगळे जाणतात.

दुसरी घटना धेंपोची. ऑक्टोबरमध्ये सुपर चषक गोव्यातच भरला आणि त्यात धेंपोला जागा मिळाली. आठ वर्षांच्या खंडानंतर 2024 मध्ये हा क्लब दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये परतला होता. प्रशिक्षक समीर नाईक, संघात एकही परदेशी नाही. गटात कोलकात्याचे दोन्ही दिग्गज. धेंपोने ईस्ट बंगालला 2-2 असे रोखले आणि मोहन बागानला 0-0 असे. मोहन बागान गटातच गारद झाला, त्यात या बरोबरीचा मोठा हात होता. पुढे 7 डिसेंबरला फातोर्ड्यात एफसी गोवाने ईस्ट बंगालला पेनल्टींवर 6-5 हरवून चषक राखला, त्याच्या बातम्या मोठ्या झाल्या आणि व्हायलाच हव्या होत्या. माझ्या लेखी मात्र त्या हंगामातली गोव्याची सर्वांत मोलाची कमाई धेंपोच्या त्या दोन बरोबऱ्या होत्या. डिचोलीच्या जुन्या क्लबातून निघालेल्या संघाने, स्वतःच्या पोरांवर, दाखवून दिले की लीग बंद असली तरी खेळ बंद नसतो.

हे बळ येते कुठून? साखळीत 1999 पासून सेझा फुटबॉल अकादमी चालते. खाण कंपनीने उभारलेली, मुलांना तिथेच ठेवून शिकवणारी. भारताकडून खेळलेला आदिल खान तिथे घडला. खाणी दोनदा बंद पडल्या, पण अकादमी बंद पडली नाही. याचे श्रेय द्यायलाच हवे. पण अकादमी मोजक्या मुलांसाठी असते आणि निवड राज्यभरातून होते. कुडणे, नार्वे, पिळगाव, मये इथल्या ज्या मुलाची निवड होत नाही त्याने खेळायचे कुठे आणि कोणाशी? डिचोलीचा खाणपट्टा लिलावात वेदांताकडे गेला आणि 2024 मध्ये काम पुन्हा सुरू झाले. खाणबाधित गावांसाठी जिल्हा खनिज निधी असतो. त्यातून या गावांना सपाट केलेली, पाण्याचा निचरा होणारी, कुंपण घातलेली चार मैदाने मिळाली तर ती मेहेरबानी ठरणार नाही. त्यांचीच माती विकून आलेला तो पैसा आहे.

लीग कशी टिकते हे पाहायचे तर आपल्या कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल: हे संघ पेठांचे आहेत, कोणत्याही कंपनीचे नाहीत. शाहू स्टेडियमवर आधी केएसए या स्थानिक संघटनेची लीग आणि मग एकामागून एक बाद फेरीच्या स्पर्धा, आणि गॅलरी भरलेली. तिथली ईर्षा कधी कधी हाताबाहेर जाते, हेही खरे. पण दिल्लीत करार संपला म्हणून कोल्हापूरचा हंगाम थांबत नाही. 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव त्याच गावचा. पेडणे आणि डिचोलीत वाड्यांची चुरस कोल्हापूरपेक्षा कमी नाही. शिगम्याच्या रोमटात आणि नरकासुराच्या स्पर्धेत ती दिसतेच. तिला चेंडूपर्यंत कोणी आणले नाही.

पेडण्याची घाई वेगळी आहे. डिचोलीत जमीन खणली गेली, पेडण्यात ती विकली जात आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला आणि धारगळ, वारखंड, नागझरच्या पठारांचे भाव एका रात्रीत बदलले. किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमल आधीच हॉटेलांखाली गेले होते. धारगळला मोठ्या मनोरंजन संकुलाचा प्रकल्प आला, 2024च्या डिसेंबरात तिथे संगीत महोत्सव झाला. 2023 मध्ये तालुक्याच्या भूवापराचा मसुदा आराखडा निघाला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारने तो मागे घेतला. त्या आंदोलनात डोंगर, शेते, काजूची झाडे यांविषयी लोक तळमळीने बोलले. खेळाच्या मैदानाचीही तशीच काळजी वाहायला हवी. गावाच्या कडेच्या ज्या सड्यावर पोरे दोन दगड ठेवून गोल मांडतात, तो कागदोपत्री मैदान नसतो. एक दिवस तिथे कुंपण येते आणि दाखवायला कोणाकडेच काही नसते. जुन्या काबिजादीत मैदानाला चर्चची किंवा गावकरीची राखण असते. पेडण्यात ती राखण पंचायतीलाच करावी लागेल.

गोवा फुटबॉल असोसिएशनकडून माझी अपेक्षा एकच आहे. पेडणे, डिचोली आणि सत्तरी या तीन तालुक्यांची स्वतंत्र लीग करा: गावांचे संघ, दुपारचे सामने, याच तालुक्यांतली मैदाने. जिंकणाऱ्याला राज्याच्या खालच्या श्रेणीत थेट प्रवेश. मुलींची लीग त्याच दिवशी, त्याच मैदानावर, आधी. राज्याच्या फुटबॉल विकास मंडळाचे प्रशिक्षक आहेतच, त्यांना मराठी शाळांच्या पटांगणांवर पाठवा. याला 700 कोटी लागत नाहीत. लागतात ते चुना, जाळी, पंच आणि वर्षानुवर्षे न चुकणारे वेळापत्रक.

आणि वाचक म्हणून तुम्ही या दोन तालुक्यांतले असाल, तर पुढच्या ग्रामसभेला जा. आपल्या गावातली मुले जिथे खेळतात त्या जागेचा सर्व्हे क्रमांक विचारा, ती कोणाच्या नावावर आहे ते विचारा, आणि ती खेळाचे मैदान म्हणून आराखड्यात नोंदवण्याचा ठराव मांडा. ठराव इतिवृत्तात लिहिला जाईपर्यंत उठू नका.